सापडलं नाही तर थांबावं

शिबासाकीने सोब्याचा, म्हणजे रश्शातल्या शेवयांचा, वाडगा दोन्ही हातांनी उचलला, तळातलं पाणी सावकाश संपवलं आणि वाडगा खाली ठेवताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "आज ४४१७ पटकन सुटेल. बाकीचे काय, नेहमीचेच." टोकियोच्या जिम्बोचोतल्या या उभ्याने जेवायच्या दुकानात आम्ही दोघं गेली अकरा वर्षं महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी भिंतीकडे तोंड करून, खांद्याला खांदा लावून जेवत आलो आहोत. समोरासमोर बसलो असतो तर मैत्री इतकी टिकली नसती. मी "हं" म्हणालो. हं म्हणायला मला कधीच कष्ट पडलेले नाहीत. ४४१७ म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हे सांगायची वेळ त्या 'हं'बरोबरच निघून गेली होती. माझ्या वाडग्यातलं कांदा-गाजराचं भजं भिजून सैल झालं होतं. काड्यांनी उचलावं तर फुटत होतं, सोडून द्यावं तर आणखी विरघळत होतं. बैठकीची खोली उघडून ठेवतो म्हणून शिबासाकी पुढे निघाला. दारातला पडदा त्याच्यामागे थोडा वेळ हलत राहिला, आणि मी फोन काढून ४४१७ शोधला.

प्रस्ताव जेमतेम दहा ओळींचा, नऊ दिवसांपूर्वी मांडलेला. मिनामो ही आमची प्रोग्रॅम लिहायची भाषा. आमची म्हणजे वाकुई-सानांची. त्यांनी ती सव्वीस वर्षांपूर्वी एकट्याने सुरू केली, आम्ही बाकीचे मागून येऊन चिकटलो. या भाषेत यादी नावाची एक गोष्ट आहे. डावीकडे नाव, उजवीकडे त्या नावाची माहिती. नाव सांगितलं की माहिती मिळते. आणि यादीत नसलेलं नाव विचारलं तर मिनामो कटकट करत नाही. 'रिकामं' असं उत्तर देते आणि पुढच्या कामाला लागते. प्रस्तावात लिहिलं होतं की हे बंद करावं. विचारलेलं नाव सापडलं नाही तर प्रोग्रॅमने तिथेच थांबावं आणि सापडलं नाही असं मोठ्याने सांगावं. कारण म्हणून एका कपडे विकणाऱ्या दुकानाचं उदाहरण दिलं होतं: मोज्यांचा रंग सापडला नाही, आणि गिऱ्हाइकाला मोजे नसलेलं रिकामं खोकं पोचलं. खाली प्रस्ताव मांडणारीचं नाव, तोमिनागा साए. त्याखाली सहमती दिलेल्यांची नावं, वाकुई-सानांचं धरून अकरा. मत देणारे आम्ही एकंदर बारा जण आहोत. नावं मी दोनदा मोजली. आपलं नाव यादीत नाही हे कळायला एकदा मोजणं पुरतं, पण माणूस दोनदा मोजतो.

आणि तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात तसं झालं, फक्त माझी आग वाटेत पोटापाशी थांबली, कारण तिथे गरम सोबा होता. आता हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगणं अवघड आहे. आमच्याकडे बैठकीत काही ठरत नसतं. बैठकीत फक्त ठरलेलं मांडायचं असतं. झाड एका जागेवरून उचलून दुसरीकडे लावायचं तर आधी बरेच दिवस मुळांभोवतीची माती हळूहळू सैल करतात, तसं प्रस्तावाआधी एकेकाला गाठायचं, चहा प्यायचा, पोराबाळांची चौकशी करायची, आणि उठता उठता सहज विचारायचं की असं असं मनात आहे, तुम्हाला काय वाटतं. बाराच्या बारा जणांना असं विचारून झालं की मग बैठक, आणि बैठकीत सगळे माना डोलावतात. विरोध असलेल्यालाही विचारतात. खरं तर त्यालाच आधी विचारतात, त्याचा राग चहाबरोबर संपावा म्हणून. ज्याला विचारत नाहीत तो माणूस विरोधकही नसतो. तो खोलीतल्या खुर्चीसारखा असतो. खुर्चीला कोणी विचारत नाही की आम्ही टेबल हलवतोय, तुझी हरकत नाही ना. अकरा ठिकाणी माती सैल झाली, अकरा चहा झाले, शिबासाकीच्या घरी तर मला पक्कं वाटतं भात-माशाचं जेवणही झालं असेल, कारण त्याची बायको कोणाला चहावर जाऊ देत नाही. आणि माझ्याबरोबर महिन्यातून एकदा भिंतीकडे तोंड करून जेवणाऱ्या या मनुष्याला नऊ दिवसांत एकदाही वाटलं नाही की कुरोइवाच्या, म्हणजे माझ्या, कानावर घालावं.

त्यातही यादी माझी होती. चोवीस वर्षांपूर्वी, वाकुई-सानांच्या त्या जेमतेम सहा चटया मावतील एवढ्या खोलीत, पंखा वळून आमच्याकडे आला की बोलायचं आणि पलीकडे गेला की घाम पुसायचा अशा बेतात आम्ही दोघांनी ती लिहिली. म्हणजे लिहिली मी. ते टरबूज कापत होते. बिया वेगळ्या काढता काढता त्यांनी विचारलं, "आणि सापडलंच नाही तर काय करायचं हिने?" मी एकोणतीस वर्षांचा होतो. ज्या कंपनीत होतो तिथे संगणक दर पाच मिनिटांनी थांबून आमच्यावर डाफरायचा, आणि संगणक थांबला की साहेब डाफरायचा. मी म्हणालो, काही नाही म्हणू दे आणि जाऊ दे पुढे. वाकुई-सान सुरी हातात धरून बराच वेळ हसले. मिनामोच्या पहिल्या पुस्तिकेत त्यांनी ते वाक्य घातलं, थोडं सजवून: ही भाषा माणसाला अडवत नाही. पुढे ते वाक्य फार गाजलं. परदेशातल्या परिषदांत लोक ते टी-शर्टांवर छापून हिंडले. माझी मुलगी धरून मी जगाला जे काही दिलं, त्यातली ही एकच गोष्ट जगाने हसतमुखाने घेतली. मुलीने मला कधी हसतमुखाने घेतलं नाही.

रस्ता ओलांडून लिफ्टपाशी आलो तेव्हा माझी भाषणाची तयारी जोरात चालली होती. मी मनातल्या मनात फार चांगला वक्ता आहे. चोवीस वर्षांत या यादीवर विसंबून किती प्रोग्रॅम लिहिले गेले याचा कोणी हिशेब केला आहे का? उद्या ते एकेक करून थांबायला लागले तर तोमिनागाबाई घरोघरी जाऊन ते चालू करून देणार आहेत का? जुन्या माणसांना दिलेला शब्द असा मोज्यांपायी मोडायचा का? मोजे हा शब्द मी तिरस्काराने म्हणून पाहिला, लिफ्टच्या आरशात. बरा वाटला. आणि मग लिफ्ट वर जाताना, तिसऱ्या मजल्याच्या आसपास, जे येणार हे मला जिम्बोचोच्या त्या भिंतीपाशीच कळून चुकलं होतं ते आलं. लिफ्टमध्ये दुसरं कोणी नव्हतं, नाहीतर मी हवेबद्दल बोललो असतो.

दहा वर्षांपूर्वी मुलगी शाळेत असताना पालक संघाची कामं वाटायची चिठ्ठी निघाली. सहा वर्षांत प्रत्येक घराने एकदा तरी काम करायचं असा दंडक आहे, आणि त्यात सगळ्यांत वाईट म्हणजे पहाटे पिवळा झेंडा घेऊन चौकात उभं राहायचं, मुलं रस्ता ओलांडेपर्यंत. माझ्या नावाने झेंडा निघाला. चौकात उभं राहून ओळखीपाळखीच्यांना "शुभ सकाळ" म्हणायची कल्पनाच मला सोसेना. मी संघाच्या बायकांपुढे जाऊन म्हणालो की झेंड्याऐवजी मी प्रोग्रॅम लिहून देतो. शाळांना दुपारचं जेवण पुरवणाऱ्या स्वयंपाकघरात, कोणत्या मुलाला काय चालत नाही याच्या याद्या तेव्हा हाताने लिहीत. अंडं, दूध, शेंगदाणे, कोळंबी. मी दोन रविवारांत तो प्रोग्रॅम लिहिला, मिनामोत, अर्थात. वर्गाचा पट घ्यायचा, एकेक नाव न चालणाऱ्या गोष्टींच्या यादीत विचारायचं, आणि तक्ता छापायचा: डावीकडे मूल, उजवीकडे काय द्यायचं नाही. ज्याला सगळं चालतं त्याच्यापुढे रिकामी जागा. बायकांनी टाळ्या वाजवल्या. झेंडा शेजारच्या घराकडे गेला. नऊ वर्षं तो प्रोग्रॅम एकदाही थांबला नाही. याचा मला अभिमान होता. म्हणजे आहे की नाही हे मी हल्ली तपासत नाही.

गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरात दुसरीच्या वर्गात एक नवी मुलगी आली, सोमवारी. वर्गाच्या पटावर तिचं नाव त्याच दिवशी चढलं. न चालणाऱ्या गोष्टींची यादी मात्र स्वयंपाकघरात शुक्रवारी भरायची पद्धत. मंगळवारी माझ्या प्रोग्रॅमने यादीला तिचं नाव विचारलं. यादीत ते नव्हतं. यादी म्हणाली, रिकामं. आणि तक्त्यावर तिच्यापुढे तशीच स्वच्छ पांढरी जागा छापली गेली जशी भात, मासे, दूध, सगळं पचवणाऱ्या मुलांपुढे असते. त्या दिवशी दुधातला पांढरा रस्सा होता. ओनुकी नावाच्या बाई ताटं लावत असत, चौदा वर्षं. त्यांनी तक्ता पाहिला आणि नेहमीचं ताट लावलं. मुलीचे ओठ सुजले, मग श्वास लागेना, मग गाडी आली. चार दिवसांनी ती घरी आली. ती बरी आहे. हे मी लगेच सांगतो, कारण मलाही ते लगेच ऐकायचं होतं आणि मला ते सहा दिवसांनी कळलं, आळीत घरोघर फिरणाऱ्या सूचनांच्या पाटीवरून. कचऱ्याचे वार बदलल्याच्या आणि म्हाताऱ्यांच्या सहलीच्या सूचनेमध्ये एक कागद होता: स्वयंपाकघरातील कर्मचाऱ्याकडून तपासणीत कसूर झाली, याबद्दल मनःपूर्वक क्षमा मागतो, यापुढे दुहेरी तपासणी करू. वाचल्याची खूण म्हणून प्रत्येक घराने आपल्या चौकोनात शिक्का उठवायचा असतो. मी शिक्का उठवला. नीट, मधोमध. आणि पाटी शेजारच्या दारात नेऊन ठेवली.

मी काहीच केलं नाही असं मात्र म्हणता येणार नाही. त्याच संध्याकाळी मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली: नाव सापडलं नाही तर थांब. स्वयंपाकघराला पाठवताना चिठ्ठीत लिहिलं, किरकोळ सुधारणा. त्यांनी आभाराचं पत्र पाठवलं, हाताने लिहिलेलं. ओनुकीबाई त्या मुलीच्या घरी जाऊन दारातच गुडघे टेकून बसल्या, हे मला बायकोने सांगितलं, तिला केस कापणारीने सांगितलं. मार्चअखेर त्यांनी नोकरी सोडली. सोडली म्हणजे सोडू दिली. नंतर एकदा वाण्याच्या दुकानात त्या माझ्या पुढच्या रांगेत होत्या. प्रत्येक पाकीट उलटं करून मागचं बारीक अक्षर वाचत होत्या, मग ठेवत होत्या, मग पुन्हा उचलून वाचत होत्या. त्यांच्या घरात कोणाला काही चालत नाही असं नाही. मागच्या लोकांनी सुस्कारे टाकले. मीही टाकला.

पाचव्या मजल्यावरच्या खोलीत बाकीचे बसले होते. वाकुई-सान खिडकीपाशी, डोळे मिटून. ते झोपलेले नसतात. तोमिनागा प्रोजेक्टरच्या वायरशी झटत होती. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल, मी पूर्वी तिच्याशी एकदाच बोललो होतो, वर्षअखेरच्या जेवणावळीत, आणि तेव्हा मी तिला सोया सॉस मागितला होता. माझी खुर्ची नेहमीची. आधीचे तीन प्रस्ताव माना डोलावत सुटले. मग ४४१७. तिने मोज्यांची गोष्ट सांगितली. लोक हसले. शिबासाकीने, 'पटकन सुटेल' म्हणताना होता त्याच आवाजात, विचारलं की कोणाची काही हरकत नसेल तर. इथे तीन श्वासांचा थांबा असतो. तो कोणी बोलावं म्हणून नसतो, देवळात टाळी वाजवल्यावर थांबतात तसला असतो. त्या थांब्यात मी अकरा वर्षं बसलो आहे. माझी हरकत आहे, असं मी म्हणालो तेव्हा वाकुई-सानांनी डोळे उघडले आणि तोमिनागाचा हात वायरवर तसाच राहिला.

मी बारा मिनिटं बोललो. लिफ्टमधलं सगळं बोललो, शिवाय जे लिफ्टमध्ये सुचलं नव्हतं तेही. दिलेला शब्द, जुनी माणसं, अडवत नाही ती भाषा. सहा चटयांच्या खोलीतला पंखाही आणला. मोजे तिरस्काराने म्हणालो, तीनदा. एक गोष्ट आता कबूल करायला हरकत नाही. बोलताना सगळा वेळ मला वाटत होतं की कोणीतरी मला गप्प करेल. कोणीतरी म्हणेल, कुरोइवा-सान, तुमच्या भावना समजतात, पण माणसाला अडवणं कधीकधी बरं असतं. मग मी दोन मिनिटं फुरंगटून बसेन, मग मान डोलावीन, आणि ती भाषेतली ओळ कोणाच्या तरी दुसऱ्याच्या हाताने पुसली जाईल. मला आधी विचारलं नाही याचा राग पोचेल, प्रस्तावही सुटेल. आमच्याकडे असंच असतं. डावललेल्या माणसाने एकदा रागवायचं असतं आणि बाकीच्यांनी ते ऐकून घेऊन आपलं तेच करायचं असतं. यात कोणाचा अपमान नाही. पण मी अकरा वर्षांत कधी रागावलोच नव्हतो, त्यामुळे माझा राग किती पोकळ असतो याचा त्यांना अंदाज नव्हता.

मग शिबासाकी उभा राहिला आणि माझ्याकडे वळून कमरेतून वाकला. चूक पूर्णपणे त्याची, असं तो म्हणाला. तोमिनागाला कोणाकोणाला भेटायचं ही नावं त्यानेच दिली होती, आणि माझ्याकडे जायची गरज नाही असंही त्यानेच सांगितलं होतं. "तुम्ही कधीच हरकत घेत नाही, कुरोइवा-सान. तुमचं काही आलं नाही म्हणजे ठीकच असणार, असं धरून चाललो." अकरा जणांतल्या कोणीतरी, कोण ते मी बघितलं नाही, हळूच म्हटलं की यादी ज्यांनी लिहिली त्यांचंच मन दुखवून बदल करण्यात काय अर्थ आहे. दुसरं कोणी म्हणालं, मोज्यांचं काय एवढं. वाकुई-सानांनी फक्त एक विचारलं, "इतकं वाईट वाटतं तुला?" आणि त्या सुरीवाल्या उन्हाळ्यातल्यासारखं, तू म्हणून. मी मान खाली घातली. खाली घातलेल्या मानेचा अर्थ होय असा धरला गेला. प्रस्ताव मागे घेण्यात आला. पुन्हा कधी योग्य वेळ आली तर बघू, म्हणजे कधीच नाही. तोमिनागा उभी राहिली, तिने वाकून क्षमा मागितली, आणि पडद्यावरचं ४४१७ पुसून पुढचा प्रस्ताव लावला. चार मिनिटं लागली. मी जिंकलो होतो. पुढचा तास मी तिथे बसलो, आणि प्रत्येक प्रस्तावाला सगळे आधी माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि माझ्या आयुष्यात मी इतका संतापलेला कधी नव्हतो.

कोणावर, ते सांगता येत नाही असं म्हणणं सोपं आहे. मी यादी करून पाहिली. शिबासाकीवर, तो वाकला म्हणून. वाकुई-सानांवर, त्यांनी विचारलं म्हणून आणि उत्तराची वाट पाहिली नाही म्हणून. मन जपणाऱ्या अकराच्या अकरा जणांवर. दुधाच्या रश्शाने गुदमरणाऱ्या मुलीपेक्षा यांना माझा चेहरा नाजूक वाटला. पण त्यांना मुलगी माहीत नव्हती. त्यांना मोजे माहीत होते. मुलगी त्या खोलीत एकालाच माहीत होती आणि तो एक जण पंख्याची गोष्ट सांगत होता. तोमिनागावर सगळ्यांत जास्त. तिला मोज्यांपेक्षा बरं कारण सापडू नये? इतका योग्य प्रस्ताव घेऊन यावं आणि हातात मोजे? तिने भांडायला हवं होतं. माझ्या तरुणपणी मी भांडलो असतो असं मला क्षणभर वाटलं आणि लगेच आठवलं की नसतो.

बैठक संपल्यावर ती मला लिफ्टपाशी भेटली. पेयांच्या यंत्राशेजारी, लॅपटॉप छातीशी धरून. माफी मागायला उभी असणार असं समजून मी उदारपणाचा चेहरा केला. तिने वाकून नमस्कार केला, आणि सरळ झाल्यावर म्हणाली, "कुरोइवा-सान, तुमची बारा मिनिटं मी शब्दन् शब्द टिपून घेतली आहेत. परत दोनदा वाचली. त्यात एकही मुद्दा नाहीये."

मी म्हणालो, असं.

"राग आहे, तो समजला. मला आधी यायला हवं होतं, त्याची माफी मागते. पण मुद्दा नाही. तुम्ही बावीस वेळा 'अडवत नाही' म्हणालात. अडवलं तर काय बिघडतं ते एकदाही सांगितलं नाहीत. तुमच्यासारख्या माणसाला ते येत नाही असं मला पटत नाही. म्हणजे दुसरं काही असणार. ते काय, एवढंच विचारायला थांबलेय."

ही मुलगी कुठल्या शाळेत वाढली देव जाणे. आमच्यात असं कोणी विचारत नाही. आमच्यात अशा वेळी माणूस यंत्रातून दोन कॉफीचे डबे काढतो, एक दुसऱ्याच्या हातात देतो आणि थंडी वाढली असं म्हणतो. मला तिचा इतका राग आला की कान गरम झाले, आणि त्या रागाच्या भरात, तिला गप्प करायचं म्हणून, तिच्या मोज्यांना एकदाचं उत्तर द्यायचं म्हणून मी सांगून टाकलं. पट, यादी, शुक्रवार, पांढरी जागा. ओठ, श्वास, गाडी. दारात गुडघे टेकलेली बाई. शिक्का. किरकोळ सुधारणा. लिफ्ट दोनदा वर येऊन गेली. सांगून झाल्यावर मी थांबलो. मला वाटलं आता ती म्हणेल, तुम्हाला कसं कळणार होतं. किंवा मुलगी वाचली ना. किंवा निदान तिचे डोळे भरतील. केस कापणारीचे भरले होते म्हणे.

तोमिनागाने पेयांच्या यंत्राशेजारच्या छत्र्यांच्या पेटीवर लॅपटॉप ठेवला, उघडला, आणि नव्या प्रस्तावाचं कोरं पान काढलं.

"तारीख?" ती म्हणाली.

मी सांगितली.

"हे सगळ्यांना दिसेल. तुमची नगरपालिका वाचेल, आळी वाचेल. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचं नाव घालू की नको?"

"घाला. कुरोइवा तेत्सुओ. आणि मांडणाऱ्याचंही तेच घाला. तुमचं नको."

तिने माझ्याकडे पाहिलं, फार नाही. लिहिलं. काय घडलं, या रकान्यात तिने माझी सगळी कहाणी तीन ओळींत बसवली. इतकी कोरडी की मला माझीच चीड यायला जागा उरली नाही. काय घडायला हवं होतं, यात एक ओळ: प्रोग्रॅम थांबायला हवा होता. मी म्हणालो, तपासणाऱ्या कर्मचाऱ्याची काहीही चूक नव्हती हेही लिहा.

"त्याला रकाना नाहीये," ती म्हणाली.

"मग सगळ्यांत वर लिहा," मी ओरडलो. ओरडलोच. खोलीतून बाहेर पडणारा शिबासाकी दारात थबकला, त्याच्यामागे आणखी दोघं. कोणी पुढे आलं नाही. "त्यांचं नाव घालू नका. पण वर लिहा. पहिल्या ओळीत."

तिने लिहिलं. पुसलं, पुन्हा नीट लिहिलं, मला वाचून दाखवलं. मी मान डोलावली. मग बोलून दाखवलं, हो, असंच.

"एक रकाना राहिला," ती म्हणाली. तिचं बोट कळीवर होतं आणि शिबासाकी अजून दारात उभा होता. "हे किती वेळा घडतं? एकदाच, कधीकधी, की नेहमी?"

"नेहमी," मी म्हणालो.